गजर शेवटी घ्यायचा असतो

बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन गुरुवारी मुंबईला होणार होतं आणि त्यानंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. ते माझ्याकडे आले तो त्याआधीचा रविवार. साल दोन हजार दोन. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि पोचलो तो बुवांमुळे. राजापूरकडच्या आमच्या हायस्कुलात ते शिपाई होते. दहावीनंतर वडील मला आंब्याच्या बागेत कामाला लावणार होते, तेव्हा बुवा तीन दिवस लागोपाठ आमच्या अंगणात येऊन बसले. वाद घातला नाही, नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी वडीलच म्हणाले, "जाऊ दे त्याला कॉलेजात, पण तुम्ही उठा आता."

गावात त्यांना शिपाई म्हणून कोणी ओळखत नसे. ते भजनी बुवा होते. आमच्याकडे डबलबारी होते, म्हणजे दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. बारी मारायची, म्हणजे जिंकायची, ती नव्या चालीवर. म्हणून चाल कोणी कोणाला देत नाही. समोर कोणाच्या मांडीवर टेपरेकॉर्डर दिसला की आमचे बुवा पेटीचा भाता बंद करून पान लावायला घेत. "चाल टेपात गेली की समोरच्याच्या घरात गेली," असं ते म्हणत. या सावधपणामुळे तीस वर्षांत बांधलेल्या चाली त्यांच्या गळ्याशिवाय कुठेच नव्हत्या. आता तो गळाच जाणार होता.

त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, होत्या, औषधाची पिशवी आणि टाळ घेऊन. तिसरा त्यांचा पखवाजी. तिशीचा गडी, राजापुरात रिक्षा चालवायचा. पुढे मंडळी त्यानेच चालवायची असं ठरलं होतं, पण त्याला चाली अर्ध्यामुर्ध्याच येत होत्या.

"काय मास्तर, ह्या डब्यात मावेन ना मी?" बुवांनी विचारलं. आवाज आताच घोगरा होता.

"मावाल, पण गप्प बसा," काकी म्हणाल्या. "डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय. गायचं तर विचारलंच नाही मी त्यांना. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते."

क्लासमध्ये चार कॉम्प्युटर होते, एकमेकांना न जोडलेले. आवाज घेता येईल असा एकच, आणि त्याच्या डिस्कवर साडेचारशे एमबी मोकळी होती. बाकी सगळी मुलांच्या प्रोजेक्टनी भरलेली. कशालाही हात लावायचा नाही, या अटीवर क्लासच्या मालक सरांनी किल्ली दिली होती. सीडी लिहिण्याची सोय बाजारातल्या एका दुकानात होती. ते रविवारी बंद. सोमवारी डिस्क काढून पिशवीतून तिकडे न्यायची, असं मी ठरवलं होतं. म्हणजे आज जे काय घ्यायचं ते या साडेचारशेत.

मी बुवांना समजावलं, "दोन प्रकार आहेत. एकात आवाज जसाच्या तसा राहतो, पण जागा फार खातो, मिनिटाला पाच एमबी. दुसऱ्यात फाइल दाबून लहान करता येते. तुमचं सगळं बसेल आणि वर पुष्कळ जागा उरेल."

"दाबताना टाकतोस काय?"

"जे कानाला ऐकूच येत नाही ते."

"कोणाच्या कानाला?"

मी ते मासिकात वाचलं होतं, आणि त्यात कोणाचा कान ते लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा मी एक गौळण अर्धा मिनिट घेतली, तीच दाबून लहान केली आणि दोन्ही हेडफोनवर त्यांना ऐकवल्या. माझ्याकडचं फुकटातलं सॉफ्टवेअर सेकंदाला छप्पन्न किलोबिटच्या वर आकडा घेत नसे, आणि छप्पन्न म्हणजे फारच दाबणं. पण मला दोन्ही सारख्याच वाटत होत्या. दुसरी ऐकताना बुवांनी डोळे मिटले.

"टाळ पाण्यात बुडवून वाजवलेत," ते म्हणाले. "हिचा टाळ असा नाही."

"माझी बाजू घेतली एकदाची," काकी म्हणाल्या.

बुवांनी मोठ्याच फाइली करायला सांगितल्या. मी हिशेब केला. चाळीस चाली, प्रत्येकीचं ध्रुवपद आणि एकच अंतरा, दोन मिनिटांत आवरायचं. शेवटी नऊ मिनिटांचा गजर. सगळं मिळून एकोणनव्वद मिनिटं, आणि जागा नव्वदची. बसत होतं. मात्र चुकायला वाव नव्हता.

आता जे सांगतो त्यात चूक माझीही आहे. बारीत क्रम ठरलेला असतो. आधी रूपावली, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन, मग अभंग, मग गौळणी, आणि सर्वांत शेवटी गजर. गजर म्हणजे लय चढवत चढवत नेऊन सगळी मंडळी एका आवाजात सोडतात तो भाग. आमच्या बुवांची ख्याती गजराचीच. पखवाजीला येत नव्हता तोही नेमका गजरच. गळा ताजा आहे तोवर गजर आधी घ्या, असं मी म्हणायला हवं होतं. मनात आलंही होतं. पण बुवा मांडी घालून बसले, पेटीला नमस्कार केला आणि रूपावलीचे सूर धरले. त्यांना क्रम मोडायला सांगणं म्हणजे पुजाऱ्याला आरती आधी करा म्हणण्यासारखं. माझी हिंमत झाली नाही.

रूपावल्या ठरल्याप्रमाणे दोन-दोन मिनिटांत झाल्या. प्रत्येक चाल संपली की मी फाइल साठवायचो आणि उरलेला आकडा बघायचो. पंखा बंद होता, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येत होता. अंगाला घाम चिकटत होता.

अभंगाला लागल्यावर बुवा एका अंतऱ्यावर थांबेनात. दुसरा घेत, तिसरा घेत, मध्येच एका शब्दावर रेंगाळत. मी घड्याळाकडे बोट दाखवायचो, ते डोळे मिटून. पखवाजी माझ्याकडे बघून मान हलवायचा, म्हणजे थांबवू नकोस. काकी टाळ वाजवता वाजवता त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या. आता कळतं की ते गात नव्हते, निरोप घेत होते. तेव्हा मला फक्त एमबी दिसत होते.

गौळणी संपल्या तेव्हा बारा एमबी उरली होती. दोन मिनिटं आणि थोडी. गजर नऊ मिनिटांचा.

बुवांनी पाण्याचा घोट घेतला आणि गजराचा सूर लावायला गेले, तर आवाजाऐवजी हवाच आली. पुन्हा लावला, तेव्हा उमटला.

"पुरे," काकी म्हणाल्या. "पुरे झालं आता."

"एवढा एकच," बुवा कसेबसे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "घे."

"बुवा, जागा नाही."

पखवाजी म्हणाला, "दाबून घे ना मग. छोटा तर छोटा."

"गजर सगळा टाळाचा असतो," मी म्हणालो. "तोच तर दाबल्यावर बिघडतो. आधीचं काहीतरी दाबावं लागेल."

"मग दाब की! बसलायस कशाला?"

"काय दाबू?"

बुवांनी तळहात माझ्याकडे केला. तू ठरव. शाळेच्या घंटेपासून बारीच्या सुपारीपर्यंत सगळं स्वतः ठरवणारा माणूस, आणि त्याने हे माझ्यावर सोडलं. बाजूच्या फोल्डरमध्ये मुलांची प्रोजेक्टं होती. एक पुसलं असतं तरी भागलं असतं. माझा हात माउसवर तिकडे गेलाही. पण ज्या माणसाने मला शिक्षणात टिकवलं, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाचा अभ्यास पुसायचा हे जमलं नाही.

मग मी अभंगांकडे वळलो. संथ गाणं, टाळ हळू, बहुतेक एकटा गळा. दाबल्याने कमीत कमी नुकसान तिथेच होईल, असं माझं शिक्षण सांगत होतं. त्यातले सर्वांत लांबलेले चार निवडले. ते लांबले होते कारण बुवांना तेच सोडवत नव्हते, हेही मला ठाऊक होतं.

त्या कॉम्प्युटरवर एक चाल दाबायला तेवढाच वेळ लागे, जेवढी चाल. बारा-तेरा मिनिटं आम्ही चौघं पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकताना बघत बसलो. काकींनी थर्मासमधलं गरम पाणी दिलं. बुवा गळ्याला हात लावून बसले होते आणि दर मिनिटाला तो हात घट्ट होतोय असं मला वाटत होतं. एक फाइल लहान झाली की मूळची पुसायची. खरंच पुसायचं का, असं कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा. चार वेळा विचारलं, चारही वेळा मी हो म्हटलं.

मग गजर घेतला. तिसऱ्या फेरीत लय चढत असताना बुवांचा आवाज मधोमध फाटला. क्षणभर नुसती घरघर, मग वरच्या सुरावर त्यांनी तो पुन्हा पकडला. पखवाजी थांबला नाही. काकींचा टाळ एकदा चुकला आणि परत जागेवर आला. गजर संपल्यावर बुवा भिंतीला टेकले. दुसऱ्यांदा घ्यायला जागाही नव्हती आणि गळाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आवाज गेला.

पखवाजी पुढे सहा-सात महिने त्या सीडीवरून शिकला. दिवसभर रिक्षात लावून ठेवायचा, पॅसेंजर वैतागायचे. पुढच्या वर्षी गावच्या देवळासमोर बारी लागली तेव्हा तो बुवा म्हणून बसला. मी रजा काढून गेलो होतो. आमचे बुवा पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी काकी, त्यांच्या मागे मी.

तो गजरावर आला. तिसऱ्या फेरीत लय चढली आणि भर जोरात त्याने आवाज फाडला, घरघर केली आणि वरचा सूर पकडला. अगदी तिथेच, अगदी तेवढाच. आवाज जसाच्या तसा ठेवला होता, त्यात दुखणंही जसंच्या तसं गेलं होतं आणि त्याने ते गाण्यातली हरकत समजून उचललं होतं. समोरच्या बुवाने मान डोलावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या बुवांचे खांदे हलत होते. मी घाबरून पुढे वाकलो. ते हसत होते, आवाजाशिवाय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

काकी मागे वळल्या. "त्याला सांगू नको हां. ह्यांनी घरीच तसं लिहून दिलंय मला. तालमीत ऐकलं तेव्हापासून हसतायत मेले."

मी सांगितलं नाही. बारी संपल्यावर मात्र बुवांच्या खुर्चीजवळ बसून मी विचारलं, "आणि ते चार अभंग? ते बरे आलेत का?"

त्यांनी हाताने खूण केली, छान आहेत. आवाज गेल्यापासून ते सगळ्यांना तीच खूण करायचे. जेवण कसं झालं विचारलं तरी तीच, तब्येत विचारली तरी तीच.