कॅसेटीत किती मावतं

महाडात मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. साठवणुकीचा धडा आला की मी व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी टेबलावर मांडते, शेजारी एक सीडी ठेवते आणि कशात जास्त मावतं एवढंच विचारते. पुढच्या बाकांवरची मुलं सीडी म्हणतात, कारण ती पुस्तक वाचून आलेली असतात. मागची कॅसेट म्हणतात, कारण ती जाड असते. मागची मुलं आमच्या घराण्यात शोभली असती.

आमच्या गावी, कुडपणला, जिन्नस मापानेच ओळखायची पद्धत. चार शेरांची पायली, आणि भात पायलीनेच सांगायचं. बिट आणि बाइट याहून वेगळे नाहीत, आठ बिटांचा एक बाइट. कॅसेटवाल्या कंपन्या पूर्वी आकडा बिटांत सांगायच्या, कारण तो मोठा दिसतो. शेरांनी मोजायचं आणि पायलीच्या तोऱ्यात मिरवायचं. व्यापारी इथून तिथून सारखेच.

आमच्या घरातली पहिली कॅसेट बाबांनी गणपतीला मुंबईहून आणली. बाबा तिकडे एका कंपनीत होते. वाडीतल्या बहुतेक घरांतले बाप तिकडेच होते, आणि गणपती-शिमग्याला तेवढे दिसायचे. आलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवायच्या आत कुणीतरी दारात येऊन विचारायचं, "कधी आलास?" आणि लगोलग, "कधी जाणार?" यात कुणाचा वाईट हेतू नसे. राम राम म्हणावं तसंच ते. मला मात्र दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला दगड मारावासा वाटे. मी नऊ वर्षांची होते आणि माझा नेम बरा होता.

त्या वर्षी बाबांनी नेहमीची तारीख सांगितली नाही. टीव्हीला टीव्ही गेम जोडता जोडता ते म्हणाले, "सगळे गेम खेळून झाले की जातो."

कॅसेट पिवळी होती आणि तिच्यावर नुसते नऊच नऊ छापलेले होते. आकडा वाचायला नात्याचे मामा पुढे सरसावले. नात्याचे म्हणजे नाते गावचे. नात्याने तर ते मामा होतेच. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि गणित दिसलं की त्यांना धीर धरवत नसे. एक कमी एक कोटी गेम, असं त्यांनी जाहीर केलं. मग रोज वीस गेम धरून त्यांनी जमिनीवर बोटाने भागाकार केला आणि तेराशे वर्षांच्या वर लागतील असं सांगितलं. आई मोदकांची उकड मळत होती. ती म्हणाली, "तेवडी रजा गावली काय?"

मी खूश झाले. तेराशे वर्षं मला पुरेशी वाटली.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सातवा गेम म्हणजे पहिलाच गेम आहे. भिंती तेवढ्या गुलाबी होत्या. आठवा म्हणजे दुसरा, फक्त सुरुवात थोडी पुढून. पुढे सगळा तोच फेरा. गेम सहाच होते. हे कुणाला सांगण्यात माझा काहीच फायदा नव्हता, म्हणून मी सांगितलं नाही. उलट प्रत्येक वेळी बाबांना म्हणायचे, "ह्यो नवा हाय." बाबा पडद्याकडे नीट बघायचे, "हां, भिंत गुलाबी हाय ना," म्हणायचे आणि पहिल्यापासून खेळायला घ्यायचे. आम्ही असे पुष्कळ नवे गेम खेळलो. आई जाता जाता बघून म्हणाली, "पायली नवी, भात तोच." आम्ही दोघांनी पुढचा नवा गेम लावला.

विसर्जन झालं आणि बाबा गेले. पोलादपूरला पहाटेची गाडी धरायची होती म्हणून मला उठवलंसुद्धा नाही. मी दिवसभर रडले, आणि रडून झाल्यावर विळीच्या टोकाने कॅसेट उचकटली. आत जवळजवळ सगळी पोकळीच होती. एक हिरवी पट्टी, आणि तिच्यावर जांभळाच्या बीएवढा काळा ठिपका. उरलेले गेम बाबा मुंबईला घेऊन गेले, असा माझा समज झाला. आज मला माहीत आहे की त्या ठिपक्यात फार तर अडीचशे केबी मावत असतील. आताच्या फोनवरचा एक फोटो त्यात बसायचा नाही.

पुढे मी कॉलेजला महाडात खोली घेऊन राहू लागले आणि कॉम्प्युटरचा कोर्सही लावला. एका शनिवारी घरी गेले तर बाबा ओटीवर. ना गणपती, ना शिमगा. भातं झोडून झाली होती. घरात त्यांची ट्रंक होती आणि टीव्हीपाशी सीडीवर चालणारी, कुणाची तरी वापरलेली गेमची मशीन होती.

मी नवी शिकलेली, त्यामुळे तोंड बंद ठेवणं शक्य नव्हतं. सीडीत साडेसहाशे एमबी मावतात, म्हणजे आपल्या जुन्या कॅसेटीच्या अडीच हजार पटींहून जास्त, असं मी ऐकवलं. आईने विचारलं, मग गेम किती हायत? एक, मी म्हटलं. मग बाकी जागेत काय घातलंय? चित्रं, गाणी आणि सुरुवातीला एक सिनेमा. आईला हा व्यवहार पटला नाही, पण सिनेमा आवडला.

गेममध्ये एक माणूस पाठीला पिशवी लावून गावोगाव हिंडायचा. संध्याकाळी बाबा त्याला नदीवरच्या पुलापर्यंत आणायचे आणि लाइट जायची. लाइट आली की गडी पुन्हा आपल्या घराच्या दारात. कारण ही मशीन स्वतः काही लक्षात ठेवत नसे. त्यासाठी निराळं मेमरी कार्ड लागे आणि ते आमच्याकडे नव्हतं. आईला तो सिनेमा पाठ झाला. वाडीतले लोक रिवाजाप्रमाणे विचारत, कधी जाणार? बाबा सांगत, येवडा गेम संपला की. लोक हसत आणि पुढे जात.

शिमगा जवळ आला तरी बाबा पुलावरच. मला त्यांची कीव आली. मुंबईला निघालेल्या मैत्रिणीला सांगून मी कार्ड मागवलं. आगपेटीहून लहान, आणि मावत काय तर एकशेअठ्ठावीस केबी, जुन्या कॅसेटीच्याही निम्मं. पण तेवढ्यात माणूस कुठवर पोचला हे राहतं. मी ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि रेडिओशेजारी ठेवून दिलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

मी ऐकेना. आता लाइट गेली तरी उद्या पुलापासूनच सुरू होईल, महिन्याभरात गेम संपेल, असं मी त्यांना शिक्षिकेच्या आवाजात समजावलं. तो आवाज तेव्हाही मला होता. मशीनमध्ये कार्ड घालायला मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"संपला की लोकांना काय सांगू?" ते म्हणाले. "कंपनी बंद पडली गो. दिवालीलाच. आता जायाला जागा नाय मना."

आई चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही, म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं. बाबांनी माझं मनगट सोडलं आणि खाली मान घालून बसले. मुंबईत इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याला त्या घटकेला स्वतःच्या घरात नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या तळाशी मला आनंद झाला. आनंद गगनात मावत नाही, असं पुस्तकांत लिहितात. माझा मला तिथल्या तिथे, चेहऱ्यावर येऊ न देता गिळावा लागला, आणि तो मावला. बाबा आता जाणार नव्हते.