पुठ्ठा लावून भरलेला गॅस

गल्लीत तिला सगळे गॅसवाल्या वहिनी म्हणत. कधी कोणी नवखं माणूस स्वयंपाकाचं रिकामं सिलिंडर घेऊन दारात उभं राहायचं. मग ती हसून सांगायची, "माझा गॅस पेटत नाही हो, गार करतो." वीस वर्षं ती फ्रीज आणि शीतखोल्या दुरुस्त करत होती आणि तिच्या हाताला यश होतं.

पण त्या सकाळी तिचं कशातच लक्ष लागेना. चहात साखर दोनदा पडली. नवऱ्याने विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली.

कारण आदल्या दिवशीचं होतं. एका बेकरीत ती एका जुन्या मिस्त्रीसोबत कामाला गेली होती. पहाटेची हवा अजून चांगलीच गार होती. गॅस भरण्याआधी मिस्त्रीने यंत्राची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीवर अर्ध्यापर्यंत पुठ्ठा बांधला.

"हवा कोंडताय कशाला?" तिने विचारलं.

"गार हवेत प्रेशर चढत नाही. नळीवरच्या काचेत बुडबुडे दिसतात आणि आपल्याला वाटतं गॅस कमी आहे. यंत्राला आधी उन्हाळा दाखवायचा, मग भरायचा."

ती मान डोलावत राहिली, पण तिला आपलंच एक काम आठवलं होतं. ऐन थंडीत नणंदेच्या औषधांच्या गोदामात तिने बुडबुडे जाईपर्यंत गॅस भरला होता. पुठ्ठाबिठ्ठा काही नाही. आणि आज दुपारपासून ऊन तापणार, असं बातम्यांत सांगत होते. जास्तीच्या गॅसने प्रेशर वाढणार, यंत्र बंद पडणार आणि आत इन्सुलिनची खोकी.

नऊच्या आत ती गोदामात पोचली. नणंद वयाने मोठी आणि जिभेने तिखट.

"वन्सं, शीतखोलीचं यंत्र तपासायचंय."

"चालतंय ना नीट? मग कशाला उकरून काढतेस?"

काहीतरी निमित्त सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. ती हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिली.

"माझं चुकलंय. हिवाळ्यात गॅस जास्त भरला मी."

नणंदेने चष्मा काढला. "आणि मी गावभर सांगत सुटलेय, आमच्या भावजयीच्या कामाला तोड नाही म्हणून." तिने चष्मा पुसून परत लावला. "मग उभी काय राहिलीस? ऊन चढायच्या आत कर."

तिने पुठ्ठा बांधला. प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा चढू लागला आणि बघता बघता उन्हाळ्याच्या प्रेशरच्याही पुढे गेला. तिने पुठ्ठा जरा सरकवून काटा आवरला. मग काचेत बुडबुडे दिसेपर्यंत जास्तीचा गॅस सोबत आणलेल्या मशीनने रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, काटा पडला की पुठ्ठा पुन्हा जाळीवर ओढत. त्यातलाच थोडा थोडा परत सोडला. काच स्वच्छ झाली तशी तिने झडप बंद केली. वजनकाट्यावर जास्तीचा गॅस साडेसातशे ग्रॅम भरला. तिचे कान तापले. पुठ्ठा सोडला.

दुपारी रस्ता भाजून निघाला, तरी ती यंत्राजवळ स्टूल टाकून बसून होती. पंखा फिरत होता, यंत्र एकदाही अडखळलं नाही. नणंदेने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"आता तरी निवांत बस की. पाय का हलवतेस सारखी?"

"त्याच हिवाळ्यात अजून दोन ठिकाणी भरलाय," ती म्हणाली. "एक दूधवाला, एक फुलांचं दुकान."

नणंद हसली नाही. "फुलवाला ओळखीचा आहे. फोन लावून देते. पण तुझी चूक तूच सांगायची."

तिने पुठ्ठा गुंडाळून काखेत मारला आणि पाणी उभ्यानेच प्यायली.