मिंगेलने विहीर खोल केली

मिंगेल फर्नांडिसला स्वस्थ बसता येत नाही. जेवता जेवता उठून फाटक बघून येईल. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी डोळे खिडकीबाहेर. देवबागेत आमची घरं शेजारी, दोन्ही विहिरींत जेमतेम वीस पावलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे ही वाळूची पट्टी.

इथे गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगतं. म्हणून कंबरभर पाणी लागलं की खणणं थांबवायचं, हा जुना रिवाज. मिंगेलला तो पाठ होता. पण त्याने पर्यटकांसाठी सहा खोल्या बांधल्या, प्रत्येकीत शॉवर. समुद्रात डुंबून आलेली माणसं अर्धा अर्धा तास वाळू धूत उभी. मे महिन्यात मोटरला पाणी मिळेना, तेव्हा या शहाण्याने विहीर आणखी चार हात खोल केली. मी कानीकपाळी ओरडलो. "मास्तर, तुमी उगीच भियतास," म्हणाला.

तीन आठवड्यांनी तो आमच्याकडे पेज जेवायला बसला. पहिल्याच घोटाला म्हणाला, "वैनी, मीठ जास्त पडला."

माझी बायको गौरजा म्हणाली, "मीठ मियां घालूकच नाय."

पेज आमच्याच विहिरीच्या पाण्यात शिजली होती. त्याने वाटी खाली ठेवली. मला त्याचा भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने विहिरीच्या तळात वाळू भरली, शॉवर उपटले, खोलीत बादली-तांब्या ठेवला, न्हाणीचं पाणी माडांकडे वळवलं. पुण्याचं एक कुटुंब बादली बघून आल्या पावली परतलं. मिंगेलने त्यांना थांबवलं नाही. पाणी पुन्हा गोडं कधी होईल, हे विचारायला विहिरी खणणाऱ्या शंकरला बोलावलं, तर तो म्हणाला, "तीन पावसाळे तरी जातले. ता पण पाऊस बरो पडलो तर."

तेव्हापासून मिंगेल रोज सकाळी गावच्या नळावरून दोन कळश्या भरून आमच्या दारात आणतो. वय एकाहत्तर. वाटेत चारदा थांबतो.

"पुरे आता, मिंगेलभाऊ," गौरजा म्हणते.

"तुमचा पाणी गोडा होयसर हाडतलंय." गोडं होईपर्यंत आणणारच, हा त्याचा हेका.

आज दार उघडायचं नाही, असं मी रोज ठरवतो. त्याची पावलं वाजली की कळशी उतरवून घ्यायला मीच पुढे होतो.