ट्रायलवरचा संगणक आणि मंद्रूपचा गवंडी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नवी पेठेतल्या एका सराफाच्या दुकानातून चार बांगड्या गेल्या होत्या. आधी घरच्यांवर संशय घेत मालक गप्प बसला आणि दोन आठवड्यांनी आमच्या ठाण्यात फिर्याद द्यायला आला. चोरीचा दिवस मात्र त्याला पक्का ठाऊक होता.

कॅमेऱ्यांचं चित्रण दुकानातल्या संगणकावर साठत असे. त्या तारखेला एक माणूस बांगड्यांच्या काउंटरपाशी बराच वेळ रेंगाळून, काही न घेता गेलेला दिसला. खबऱ्याने त्यातून काढलेला फोटो लगेच ओळखला. मंद्रूपचा गवंडी. आम्ही त्याला गावातल्या स्लॅबच्या कामावरून, सगळ्या मजुरांदेखत जीपमध्ये घातलं.

"हा तूच ना?"

"व्हय साहेब, मीच हाय. पोरीचं लगीन हाय, निस्ता भाव इचारला की. पन त्या तारखेला न्हाय. आत्ता चार दिसामागं गेलतो."

"तारीख पडद्यावर आहे. वाच."

त्याने वाचली आणि मान खाली घातली. मला ती कबुलीच वाटली. तीन दिवस सकाळी बोलवायचं, संध्याकाळपर्यंत बसवायचं. उत्तर बदलेना, माझा आवाज चढत गेला.

तिसऱ्या दिवशी चित्रणाची प्रत घ्यायला गेलेल्या आमच्या महिला शिपायाचा दुकानातून फोन आला. "सर, हा संगणक बारा दिवस मागे चालतोय."

मी तडक गेलो. मालक शांतपणे म्हणाला, "ऑपरेटिंग सिस्टीम फुकटच्या ट्रायलवर हाय की साहेब. मुदत संपत आली की तारीख मागं घ्यायची. परत चालतंय."

"आणि हे फिर्याद देताना सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं कुटं?"

पंचनामा करताना संगणकाची तारीख ताडून पाहायचं काम माझंच होतं. गवंडी दुकानात गेला तो चोरीनंतर बारा दिवसांनी. चोरीच्या दिवसाचं खरं चित्रण संगणकावर तीच तारीख दुसऱ्यांदा आल्यावर नव्या चित्रणाने पुसून टाकलं होतं. चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

मी स्वतः मंद्रूपला गेलो. त्याच मजुरांसमोर सांगितलं, "याचा काही दोष नाही. चूक आमची."

मुकादम हसला. "सोडलं म्हंजे सुटला साहेब. केलं न्हाय, असं थोडंच हाय?"

गवंडी थापी उचलून कामाला लागला. पुढे प्रत्येक पंचनाम्यात मी यंत्राची वेळ स्वतः ताडून लिहून घेत गेलो. पण माणसाला जीपमध्ये घालायला पाच मिनिटं लागतात. त्याला गावाच्या नजरेत परत उभं करणं मला जमलं नाही.