बयामावशीनं आमेन म्हटलं नाही

शेंगदाणे अर्धे भाजून झालेत, अर्धे ताटात कच्चेच आहेत. गॅस बंद केला. रागात भाजले की दाणे करपतात. आधी लिहून घेते.

बयामावशी पगारे आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली. जन्म दौंडचा, बाप रेल्वेत खलाशी. क्वार्टरच्या नळावर तेलुगू, तमिळ, गोव्याकडच्या, उत्तरेकडच्या सगळ्या बाया भांडायच्या आणि भांडण झालं की एकमेकींच्या डोक्यावर घागरी चढवून द्यायच्या, असं ती सांगते. लग्न होऊन शिरूरला आली. नवरा वारल्यावर कारेगावच्या कामगारांना डबे द्यायला लागली, अजून देते. पिशव्या घेऊन एसटीत चढताना कंडक्टरला म्हणते, "दादा, घंटी जरा दमानं मारा. पाय म्हातारे झालेत, जीभ न्हाई."

डबे देता देता तिची नसीमाशी ओळख झाली. नसीमा बंगालची, मालद्याकडची. नवरा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. तिला आठवा महिना. दोघं राहायची शांतवन भालेरावांच्या कारेगावातल्या खोलीत. भालेराव म्हणजे आमच्या मंडळीचे पंच, पुढच्या बाकावर बसणारे. मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघून काही पोरं त्यांच्याकडं आली. म्हणाली, बंगाली बोलणारे भाडेकरू काढा, ते देशाबाहेरचे आहेत. नसीमाच्या नवऱ्यानं आधार कार्ड पुढं केलं. कुणी हातातसुद्धा घेतलं नाही. भालेरावांनी सांगून टाकलं, शनिवारपर्यंत खोली सोडा.

हे आम्हा सगळ्या बायकांच्या कानावर होतं. शिरूर काही मोठं नाही, आमची मंडळी तर फारच लहान.

गुरुवारची भगिनी सभा माझ्या घरी होती. भालेरावांची बायको सुवर्णा प्रार्थना करायला बसली. दूरदेशी चाललेल्या लढाईसाठी प्रार्थना. केली मात्र सुंदर. बॉम्बनं घरं गेलेल्या आयांना छप्पर दे, म्हणाली, पोटुशी बायांना आसरा दे, प्रभू. बोलता बोलता रडली. आम्हीही पदर डोळ्याला लावले. मग सगळ्यांनी आमेन म्हटलं.

आमच्यात प्रार्थना एकजण करते, पण आमेन सगळ्यांचं. आमेन म्हणजे त्या मागण्याखाली माझीही सही. बयामावशीनं म्हटलं नाही. डोळे उघडे ठेवून सुवर्णाकडं बघत राहिली.

"मावशी, डोळा लागला का?" पाळकांची बायको सारिका हसून म्हणाली.

"न्हाई बाई. जागी हाय, म्हणून तर तोंडातनं निघंना." मग सुवर्णाकडं वळली. "तिकडल्या पोटुशीला छप्पर मागितलंस. आन् तुझ्या खोलीतली पोटुशी शनवारी कुठं जायची गं?"

सुवर्णाचा चेहरा उतरला. "मावशी, तो यांचा व्यवहार आहे. आणि गावाशी वाकडं कसं घ्यायचं? आपली घरं ती किती? उद्या आपल्यालाच विचारतील, तुम्ही तरी कुठले."

"इचारतीलच. तू गप बसलीस म्हंजी तुझं दार सोडून पुढं जातील व्हय?"

"प्रार्थनेत राजकारण नको, मावशी," सारिका म्हणाली.

"नाताळात गव्हाण मांडायला तुम्ही दोघी पुढं. तवा राजकारण नसतं. त्या मातीच्या येशूबाळाला तुमची खोली लागत न्हाई ना."

चहा मी ओतला, पण कुणी धड प्यायलं नाही.

भीती मलाही कळते. मागं एकदा काही पोरं आमच्याही दारात आली होती, इथं धर्म बदलतात का विचारायला. तेव्हा शेजारच्या धुरपदाकाकू आमच्या उंबऱ्यापुढं खुर्ची टाकून बसल्या. "काय इचारायचं ते मला इचारा," म्हणाल्या. काकूंच्या घरी खंडोबाचे टाक आहेत. त्या दिवशी 'हा त्यांचा व्यवहार आहे' असं त्या म्हणाल्या असत्या, तर आम्ही आज कुठं असतो?

शनिवारी नसीमा तपासणीला दवाखान्यात गेली आणि नवरा ड्युटीवर होता, तेवढ्यात खोलीला कुलूप लागलं. सामान आत. बयामावशी डबे घेऊन पोचली तेव्हा ती पोर पायरीवर बसलेली, आणि भालेराव तिथंच उभे.

"एवढी माया आहे तर न्या तुमच्या घरी," ते म्हणाले.

"नेतेच की. पण शांतवन, कुलूप तू लावलंस हे उद्या मंडळीत सांगणार हाय मी. पाठीमागं न्हाई, तुझ्या तोंडावर."

आणि रविवारी उपासनेत सूचनांच्या वेळी ती उभी राहिली. नाव घेऊन सांगितलं. पाळकांनी चष्मा पुसला आणि पुढचं गीत जाहीर केलं. लोक गायला लागले. इतक्या मोठ्यानं आमची मंडळी ईस्टरलाही गात नाही. ती उभी होती आणि आम्ही तिचं बोलणं बुडवून गात होतो. भालेराव भित्रे आहेत, भित्र्यासाठी मी प्रार्थना करीन. पण त्या गाण्याचं काय करू? देवाला बहिरा समजलो आम्ही, की त्याच्या कानावर दुसरं काही जाऊ नये म्हणून ओरडत होतो? माझा आवाज दुसऱ्या ओळीला थांबला. थांबून कुणाचं भलं झालं नाही.

घरी आल्यावर आमच्या सार्थकचे पप्पा म्हणाले, "तू यात पडू नकोस. आपल्याला इथंच राहायचंय."

"इथंच राहायचंय म्हणूनच पडते," मी म्हटलं. त्यांनी पेपर उघडला.

नसीमा नवऱ्यासकट मावशीच्या एका खोलीत आहे. मावशी ओट्याखाली अंथरूण टाकते आणि पहाटे उठून डबे करते. दिवस भरत आले, पण बाळाची शिवून ठेवलेली झबली, दुपटी, गोधड्या, भांडीकुंडी सगळं कुलपाआड. मावशी मागायला गेली तर भालेराव म्हणतात, पोरांना विचारून देतो. झबली द्यायला पोरांची परवानगी. हे आमचे पंच.

किल्ली त्यांच्या स्वयंपाकघरात, सुवर्णाच्या हाताशी असते. आत्ता पायात चपला घालून सुवर्णाकडं जाते, कारेगावच्या खोलीची किल्ली मागायला.