संस्थानिकाच्या दफनघरात

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता, स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका गावात, जुन्या संस्थानिकाच्या दफनघराला कुलूप लागलं. माझे सासरे आत होते. वय चौऱ्याहत्तर, इन्सुलिनवर, अनवाणी.

आम्ही दोन गाड्यांतून गेलो होतो. एकीत मी, नवरा आणि नाशिकहून आलेले त्याचे बाबा; दुसरीत नवऱ्याच्या ऑफिसातलं एक मराठी जोडपं. परतताना बाबांनी त्यांच्या गाडीत बसायचं ठरलं होतं.

दफनघर चर्चच्या खाली आहे. दाराशी बाबांनी बूट-मोजे काढले. समाधीपाशी आपण पायताण घालून जात नाही. मग आम्हीही काढले. किल्ल्या सांभाळणारी बाई हसली. ‘गेनाऊ, अगदी बरोबर. आज माणसं मोजायला नकोत. बूट गेले की माणसं गेली.’

मधोमध संस्थानिक आणि त्याची बायको, दगडात कोरलेले, शेजारी शेजारी आडवे. पंधराव्या शतकातले. थडग्याच्या बाजूवर त्यांची नऊ मुलं गुडघे टेकून ओळीने. मुलगे बापाकडे, मुली आईकडे. पाच जणांच्या डोक्यावर छोटा क्रूस. ती आईबापांआधी गेलेली.

बाई सांगत होती, मी मराठीत सांगत होते. बाप वारला तेव्हा हा संस्थानिक सोळा वर्षांचा. मुलूख दोन भावांत वाटला गेला. पुढे याने ती वाटणी मोडली आणि धाकट्याला बुरुजात कोंडलं. धाकटा तिथेच मेला. त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून याने हे चर्च बांधलं.

‘म्हणजे भावकीच,’ बाबा म्हणाले. ‘आपल्याकडे सातबाऱ्यावरून भावाचं नाव उडवतात. याने भाऊच उडवला.’

‘बाबा, हळू. आवाज घुमतोय,’ नवरा म्हणाला.

‘अरे, ज्याने ऐकायचं तो झोपलाय.’

आम्ही बाहेर आलो. धाकट्या भावाचं थडगं मागच्या कोनाड्यात होतं. बाबा ते पाहायला वळले, हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. दाराशी त्यांचे बूट तेवढे उरले होते. बाबा अनवाणीच गाडीकडे गेले असावेत, असं मला वाटलं. देवळाबाहेरून चपला चोरीला जातात. त्या सवयीने मी ते उचलले, दुसऱ्या गाडीच्या डिकीत ठेवले आणि आमच्या गाडीत जाऊन बसले. ती गाडी निघाली, तशी आम्हीही काढली. बाबा तिच्यात आहेत असं आम्ही धरून चाललो. ते मुलाजवळ बसले असतील, असं त्या जोडप्याने धरलं.

चार वाजता बाईने दारात पाहिलं. बूट नव्हते.

चार वीसला दोन्ही गाड्या पेट्रोल पंपावर थांबल्या.

‘वहिनी, काकांना चहा चालेल ना?’ त्या जोडप्यातल्या गृहस्थांनी विचारलं.

‘त्यांनाच विचारा की.’

‘अहो, ते तुमच्या गाडीत आहेत ना?’

बाबांचा फोन आणि बिस्किटांचा पुडा माझ्या पर्समध्ये होता. दुपारचं इन्सुलिन झालं होतं. चारला खाणं ठरलेलं होतं. चर्चच्या कार्यालयात फोन लावला, तर रेकॉर्ड केलेला निरोप वाजला. मी ११२ ला फोन केला. नवऱ्याने गाडी वळवली. धुकं होतं. वाटेत तो एकदाच बोलला.

‘ती किल्लीवाली बाई जाताना दिवा बंद करते का गं?’

‘माहीत नाही,’ मी म्हणाले.

ती करत होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा अग्निशमन दलाचे दोन जवान दारापाशी होते. शेजारच्या घरातून बाई किल्ली घेऊन धावत आली. किल्ली दुसऱ्या खेपेला लागली. नवऱ्याने दोनदा ‘बाबा’ अशी हाक मारली.

टॉर्चच्या उजेडात ते कोनाड्यात दिसले. धाकट्या भावाच्या थडग्याला पाठ टेकून बसले होते. अंग घामाने भिजलेलं, पावलं गार. नवऱ्याकडे पाहून त्यांनी त्याला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारली. तो भाऊ कधीच वारला होता.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने साखर तपासली, अठ्ठेचाळीस भरली. जागेवरच शिरेतून ग्लुकोज दिलं. रुग्णवाहिकेत फक्त नवऱ्याला बसू दिलं.

सव्वासहाला इस्पितळात डॉक्टरने विचारल्यावर बाबांनी आपलं पूर्ण नाव बरोबर सांगितलं.