तिच्या गाण्यातला एक शब्द

हे मी आजवर कुठे बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. एका पत्रात लिहिलं आहे, आणि तोंडानं फक्त एका मुलीला आणि तिच्या वडिलांना सांगितलं आहे, गेल्याच महिन्यात — पण मुलीला ते मी सांगण्याआधीपासून माहीत होतं. मग तिला सांगितलं असं तरी कसं म्हणू?

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. मघापासून या पहिल्या ओळींपाशीच अडले आहे.

मी नागपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. माझं मराठी फार शुद्ध आहे असं सगळे म्हणतात. नवीन रुजू झालेले प्राध्यापक हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?" मी म्हणते, "एम.ए. तिकडेच केलं." हे खरं आहे. पण प्रश्न तो नसतो, आणि माझं उत्तर उत्तर नसतं — हे मला दर वेळी कळतं. मी उमरेडची. माझे बाबा हातमागावर लुगडी विणायचे. नागपूरला शिकायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून मी "मले समजलं नाही" म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी "मले" म्हटलं नाही. घरी सुद्धा नाही. बाबांशी फोनवर बोलताना सुद्धा नाही. ते एकदा म्हणाले होते, "तू आता रेडिओवानी बोलतं वं." मला ते कौतुक वाटलं. ते कौतुक होतं का?

सात वर्षांपूर्वी माझ्या वर्गात प्रणाली नावाची मुलगी होती. नागपूरला लागून असलेल्या वाडी गावाहून यायची. वडील ट्रक चालवायचे, आई तिथल्याच एका गोडाऊनमध्ये खोकी भरायच्या कामावर. वर्गात ती फारसं बोलत नसे. एक दिवस तास संपल्यावर वही घेऊन माझ्याकडे आली. युवा महोत्सवात स्वरचित कविता म्हणायची होती, आणि तिला रॅप म्हणायचं होतं.

मी नाक मुरडलं असणार, कारण ती लगेच समजावू लागली. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात काळ्या लोकांच्या वस्त्या होत्या, घरं पडायला आलेली, हाताला काम नाही. तिथल्या पोरांनी घरातल्या जुन्या रेकॉर्डी काढल्या, त्यातला नुसता ढोल वाजतो तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा फिरवला आणि त्या ठेक्यावर आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली.

"गाणं नाही मॅडम, बोलणंच. फक्त ठेक्यात. आन् ज्याचं त्यानं, आपापल्या भाषेत."

मग ते जगभर गेलं, ती सांगत होती. जिथे गेलं तिथल्या, शाळेत न चालणाऱ्या बोलीत बोलू लागलं. मुंबईच्या वस्त्यांत आलं, हिंदीत आलं, मराठीत आलं. आता तिच्या वहीत आलं होतं.

मी ऐकत होते आणि मला खडी गंमत, आमच्याकडचा गावातला तमाशा, आठवत होती. लहानपणी बाबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. डफ आणि तुणतुण्यावर शाहीर गावाच्याच बोलीत गावातल्या मोठ्या माणसांची टोपी उडवायचा, आणि ती मोठी माणसंसुद्धा हसायची. हे मी तिला सांगितलं. तिनं ते घाईघाईनं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, एक शब्द अडला. माही जीभ इकून तिकडं धावते, जाताना सूत घेऊन जाते, असं काही पाहिजे. काय म्हणतेत त्याले?"

"धोटा," मी म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. आणि माझा हात हवेत झटका देऊन गेला, बाबांचा जायचा तसा. "माहे बाबा दिवसभर मागावर धोटा मारत. सूत तुटलं का थांबत, गाठ मारत, पुन्हा सुरू."

*माहे* बाबा. इतक्या वर्षांनी ते माझ्या तोंडून आलं, आणि तेही कॉलेजात. प्रणाली माझ्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा इतका उजळला होता — आणि मी काय केलं? दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग तिला म्हणाले, "माझ्या बाबांचं, मागाचं हे बाहेर कोणाला सांगू नकोस. शब्द दे." तिनं दिला.

तिचं गाणं तयार झालं. त्यातल्या दोन ओळी मला पाठ आहेत:

जीभ माही धोटा, इकून तिकडं धावते,
सूत तुटलं तरी पुन्हा जोडाले लावते.

महोत्सवाला नावं पाठवण्याआधी समितीची बैठक होती. रचना विद्यार्थ्याची स्वतःची आहे असं मराठी विभागानं लिहून द्यायचं असे. विभाग म्हणजे मी. प्रणालीनं सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं — टेबलावर बोटांनी ठेका धरून, सरळ आमच्या डोळ्यांत बघत. संपल्यावरही एकदोघांची बोटं टेबलावर ठेका धरून होती. आवडलं, असं मला क्षणभर वाटलं.

मग समितीचे प्रमुख म्हणाले, "हे नेटवरून उचललेलं दिसतं. हा धोटा शब्दच घ्या. ट्रक ड्रायव्हरच्या मुलीला हा कुठून माहीत?" प्रणालीकडे वळून त्यांनी विचारलं, "कुठून आणला गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

एवढंच. विनवणी नव्हती त्यात. फक्त पाहिलं, आता तुम्ही बोलाल ना, असं. मी समोरचा कागद सरळ केला. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि तिनं तोंड उघडलं नाही. कारण तिनं मला शब्द दिला होता.

"बघा, उत्तर नाही," सर म्हणाले. "मॅडम, तुम्ही मराठीच्या. तुमचं काय मत?"

मला काय म्हणायचं होतं? 'शब्द मी दिला, बाकी सगळं तिचं आहे.' एका वाक्याचं काम होतं. पण त्यानंतर कोणीतरी विचारलं असतं — मॅडम, तुम्हाला कसा माहीत? आणि मला उमरेड सांगावं लागलं असतं, माग सांगावा लागला असता. समोर बसलेल्या पाच माणसांच्या चेहऱ्यावर 'अच्छा, म्हणजे तुम्ही…' असं उमटलेलं पाहावं लागलं असतं. त्यापायी मी म्हणाले, "शंकेला जागा आहे." आणि कागदावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: रचना विद्यार्थिनीची स्वतःची असल्याची खात्री देता येत नाही. खाली सही केली.

हा माझा गुन्हा. पण तो तिथे संपत नाही.

चार दिवसांनी प्रणालीचे वडील कॉलेजात आले. मी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं. खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा, ऑफिसच्या खिडकीशी वाकून उभे. बाबूनं त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली — अजून काही लिहिलं असेल म्हणून? मी वीस पावलांवर होते. बाहेर जाऊ शकले असते. मी चहा घेत राहिले.

मुलं तिला 'कॉपी' म्हणू लागली. आधी मागून, मग तोंडावर. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. वाडीतल्या एका कुरिअरच्या गोडाऊनमध्ये लागली असं कळलं. मी स्वतःला समजावलं की तशीही तिनं शिक्षण सोडलंच असतं. हे मी किती वेळा समजावलं असेल? ज्या गोष्टीवर विश्वास असतो ती अशी रोज समजवावी लागते का?

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. वर्गात लोकसाहित्य शिकवत होते. हिंगण्याहून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमच्या प्रणालीताईचं ऐका ना, आपल्याच भाषेत आहे." तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. तेच गाणं, तोच आवाज. थोडा जड झालेला, पण तोच. पाठीमागे डफाचा ठेका होता. वर्गातल्या निम्म्या पोरांना शब्द पाठ होते, ती सगळी मिळून म्हणत होती — "मले", "तुले", "काहून" — मोठ्यानं, मान वर करून, माझ्या वर्गात! कोणी हसलं नाही.

त्या मुलीनं दुसरा एक व्हिडिओही दाखवला. त्यात कोणीतरी प्रणालीला विचारतं की धोटा हा शब्द कुठून मिळाला. ती म्हणते, "एका विणकराच्या पोरीनं देला." नाव घेत नाही. सात वर्षांनीही नाही.

त्यानंतर मी रॅपबद्दल मिळेल ते वाचलं. सुरुवातीची कित्येक वर्षं त्या मुलांनाही हेच ऐकवलं जात होतं — हे संगीतच नाही, हे दुसऱ्यांचं उचललेलं आहे. ते वाचून मी पुस्तक मिटलं. असं म्हणणारी माणसं कशी दिसत असतील, ते मला चांगलं माहीत होतं.

मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. जे घडलं ते, नावानिशी, माझ्या सहीनं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, आता कोणाला आठवतं?" मी म्हणाले, "तिला आठवतं." मी हट्टच धरला, आणि ते पत्र आता कॉलेजच्या बोर्डावर आहे. कशाबद्दल आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना कळत नसेल कदाचित, पण आहे.

त्याची प्रत घेऊन एका रविवारी सकाळी वाडीला गेले. ट्रकांच्या रांगेमागे एका भाड्याच्या खोलीत प्रणाली आठ-दहा मुलींना शिकवते. गोडाऊनमधली नोकरी सांभाळून. मी दारात उभी राहिले. तिनं मुलींना "तुमी लिहा" म्हटलं आणि बाहेर आली. पत्र उभ्यानंच वाचलं.

"मी खोटं बोलली," मी म्हणाले. 'बोलले' नाही — 'बोलली'. माझ्या आईसारखं. "मले माहीत होतं का गाणं तुहं आहे."

"मले माहीत आहे ना मॅडम," ती म्हणाली. "मी तिथंच तं होती."

तिनं पत्र पुन्हा वरून खाली पाहिलं.

"फक्त काहून, ते नाही समजलं कधी."

मी सांगितलं. लाज वाटली, म्हणून. बोलीची, मागाची, बाबांची. ते बोलताना ते कारण किती लहान आहे हे मला ऐकू येत होतं. तिनं ऐकून घेतलं, 'असू द्या' वगैरे म्हणाली नाही. पत्राची घडी केली.

"कॉलेजचं झालं. पण माहे बाबा अजून समजतेत का मी चोरलं होतं. मोठ्या मॅडमनं लिहिलं, मंग खरंच असन, म्हणे. ट्रान्सपोर्टातल्या सगळ्याइले त्याइनं सांगून ठेवलं होतं, माही पोरगी महोत्सवाले चालली म्हणून. मंग कोणाले तोंड दाखवे ना. माहं गाणं त्याइनं आजवर आयकलं नाही. त्याइले तुमी सांगा."

दोन गल्ल्या पलीकडे घर होतं. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी ट्रक सोडला होता. मला ओळखलं नाही, पण कॉलेजच्या मॅडम म्हटल्यावर लगबगीनं खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं — वही, शब्द, बैठक, सही. खिडकीतून पाहिल्याचंही सांगितलं. ते जमिनीकडे पाहत होते.

मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. मुलीकडे वळले.

"तू काहून नाही बोलली वं?"

"शब्द देला होता, बाबा."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग पलंगावर सरकून तिला जागा केली.

"म्हण बरं ते. पुरं म्हण."

तिनं पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. पहिल्या ओळीला तिचा आवाज फाटला, तिनं पुन्हा सुरुवात केली. आईचं गोडाऊन आलं, खोकी आली, ट्रक आला. ट्रकपाशी ते हसले. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "आन् आणखी एक बार."

मला कोणी माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही, आणि इथेही मागत नाही. गाणं तिचं होतं, मला ते माहीत होतं, आणि मी सही केली.

माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. मी चपला घातल्या आणि रस्त्यावर आले. आत ती तिसऱ्यांदा म्हणत होती, आणि आता ठेका दोन हातांचा नव्हता, चार हातांचा होता.